पोटातील अल्सर आणि जडीबुटीची परीक्षा
पुडीवर काय छापावे आणि काय छापू नये

काष्ठौषधीच्या एका जुन्या दुकानात आम्ही बसलो होतो. दुकान तीन पिढ्यांचे. मालक हाजीसाहेब वयाने सत्तरीकडे झुकलेले. त्यांचा धाकटा मुलगा हातात एक छापील कागद घेऊन आला. कुठल्याशा महाविद्यालयाचा शोधनिबंध होता. त्यात असे म्हटले होते की, एका वनस्पतीच्या अर्कामुळे उंदरांच्या पोटातील अल्सरला शेकडा साठ इतका प्रतिबंध झाला. ती वनस्पती आपल्या दुकानात दर आठवड्याला पोत्याने खपते. मुलाचे म्हणणे सरळ होते, "अब्बा, आपण चूर्णाची पुडी काढू आणि तिच्यावर छापू : अल्सरवर शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध औषध."

हाजीसाहेबांनी कागद आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही लिहिणारे लोक आहात. वाचून सांगा, हे छापणे हलाल आहे की नाही?"

प्रश्न एका पुडीचा असला तरी आज अनेक अत्तार, पन्सारी, युनानी दवासाज आणि मसाल्याचे व्यापारी याच वळणावर उभे आहेत. जडीबुटीला मागणी वाढली आहे आणि त्याबरोबर "संशोधनाने सिद्ध" हे शब्दही स्वस्त झाले आहेत. म्हणून अशा वनस्पतींची परीक्षा प्रयोगशाळेत कशी होते, तिचा अर्थ किती आणि व्यापाऱ्याने त्यातून काय घ्यावे, हे आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

अल्सर म्हणजे काय?

आपल्या जठरात जे आम्ल तयार होते ते इतके तीव्र असते की मांसही त्यात विरघळते. मग जठर स्वतःच का विरघळत नाही? अल्लाहने त्याच्या आतील बाजूस बुळबुळीत श्लेष्म्याचा एक थर दिला आहे. त्या थरात आम्ल मारणारा क्षार असतो. खालच्या पेशी सतत नव्या होत असतात आणि त्यांना रक्ताचा भरपूर पुरवठा असतो. एका बाजूला आम्ल आणि पाचकरस, दुसऱ्या बाजूला हे संरक्षण, असा हा तराजू आहे. तराजू बिघडला की अस्तराला जखम होते. या जखमेला आपण अल्सर किंवा जठरव्रण म्हणतो. ती जठरात असते किंवा त्यापुढील लहान आतड्याच्या सुरुवातीला.

तिखट खाणे आणि चिंता यामुळेच अल्सर होतो, असे फार वर्षे मानले जात होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८० नंतरच्या काळात दाखवून दिले की, बहुतेक अल्सरांच्या मागे 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' नावाचा जंतू असतो. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली हा जंतू स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखी व सांधेदुखीच्या गोळ्या. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कारागीर, भट्टीपुढे वाकून काम करणारा लोहार, रात्रभर सुईवर बसणारा जरीकाम करणारा, हे लोक उपाशीपोटी चहाबरोबर दुखण्याची गोळी घेतात. ही गोळी वेदना थांबवते, पण जठराचे संरक्षण टिकवणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्यही शरीरात तयार होऊ देत नाही.

ही दोन कारणे लक्षात ठेवावीत. पुढचा सारा हिशेब त्यांच्यावरच आहे.

अर्क कसा काढतात?

आपल्या धंद्यात अर्क किंवा सत ही नवी गोष्ट नाही. ज्येष्ठमध, म्हणजे मुलेठी, पाण्यात उकळून आटवली की काळा घट्ट शिरा तयार होतो. हकीम मंडळी त्याला रब्बुस्सूस म्हणतात. प्रयोगशाळेतही मुळात हेच करतात. वनस्पती सावलीत वाळवून भरड करतात, मग पाण्यात किंवा पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये भिजत ठेवतात, गाळतात आणि कमी उष्णतेवर आटवतात. जे उरते तो अर्क.

येथे पहिली मेख आहे. पाणी एक प्रकारची द्रव्ये ओढून घेते, अल्कोहोल दुसऱ्या प्रकारची. डिंक आणि बुळबुळीत द्रव्ये पाण्यात उतरतात, राळेसारखी द्रव्ये अल्कोहोलमध्ये. निबंधात अल्कोहोलचा अर्क वापरला असेल आणि आपण साधे चूर्ण किंवा जोशांदा विकत असू, तर परीक्षा एका मालाची झाली आणि विक्री दुसऱ्याच मालाची, असे होते. कापडाच्या बाजारात नमुना एक दाखवून गठ्ठा दुसरा पाठवणाऱ्यास आपण काय म्हणतो, हे सांगायला नको.

उंदरांवरील परीक्षा

आता परीक्षेकडे वळू. पांढऱ्या मोठ्या उंदरांचे गट करतात, साधारणपणे दर गटात सहा. त्यांना चोवीस तास उपाशी ठेवतात, पाणी मात्र देतात. उंदीर स्वतःची विष्ठा खातात. तसे झाले तर पोट रिकामे राहत नाही, म्हणून पिंजऱ्याचा तळ जाळीचा असतो. एका गटाला नुसते पाणी देतात. एका गटाला रॅनिटिडीन किंवा ओमेप्राझोलसारखे माहितीतले औषध देतात. उरलेल्या गटांना अर्काचे कमी, मध्यम आणि जास्त प्रमाण देतात. त्यानंतर अल्सर मुद्दाम निर्माण करतात. त्याच्या मुख्य रीती अशा :

पहिली रीत १९४५ साली शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली. भूल देऊन जठराचे खालचे तोंड दोऱ्याने बांधतात. आम्ल आत साठत जाते आणि काही तासांत अस्तराला जखमा होतात. साठलेला रस काढून त्यातील आम्ल मोजता येते. म्हणून अर्क आम्ल कमी करतो की नाही, हे या रीतीने कळते.

दुसरी रीत तीव्र अल्कोहोलची. उंदराच्या पोटात नळीने तीव्र अल्कोहोल सोडतात. तासाभरात अस्तरावर लाल-काळे पट्टे उठतात. येथे मुख्य दोष आम्लाचा नसतो, अस्तर थेट भाजते. अर्क अस्तराचे रक्षण करतो का, एवढेच यातून कळते.

तिसरी रीत ॲस्पिरिन किंवा इंडोमेथासिन या वेदनाशामक औषधांची. गोळ्या खाणाऱ्या माणसाच्या पोटात जे होते त्याला ही रीत सर्वांत जवळची.

चौथी रीत ताणाची. उंदराला थंडीत जखडून ठेवले की तणावामुळे जखमा होतात.

पाचवी रीत ॲसिटिक आम्लाची, म्हणजे सिरक्याला आंबटपणा देणाऱ्या आम्लाची. हे आम्ल जठराला लावून खोल जखम करतात आणि नंतर दिवसेंदिवस औषध देऊन ती किती लवकर भरते ते पाहतात. आधीच्या चार रीतींत अर्क बहुधा जखम होण्याआधी दिलेला असतो. येथे तो जखम झाल्यावर देतात. गिऱ्हाईक आपल्याकडे येते ते जखम झाल्यावरच, त्यापूर्वी येत नाही. हा फरक व्यापाऱ्याने विसरू नये.

शेवटी जनावर मारून जठर उघडतात. जखमांची संख्या, लांबी आणि खोली यांना गुण देतात. त्या गुणांना 'अल्सर इंडेक्स' म्हणतात. समजा, नुसते पाणी दिलेल्या गटाचे सरासरी गुण २० आले आणि अर्क दिलेल्या गटाचे ८. फरक १२ चा. वीसात बारा म्हणजे शेकडा ६०. "साठ टक्के प्रतिबंध" तो हाच. शंभर रुग्णांतील साठ बरे झाले असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हाजीसाहेबांच्या मुलाने नेमका तोच अर्थ घेतला होता आणि त्यात त्याचा दोष नाही, कागदावरचा आकडाच तसा भुलवतो.

मुक्या जनावरांचा हा छळ आवश्यक आहे का, असा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगविषयक नियम आहेत. त्यानुसार संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी असल्याशिवाय असे प्रयोग करता येत नाहीत. ज्या निबंधात या परवानगीचा उल्लेखच नाही, त्याच्या इतर गोष्टींवरही विश्वास ठेवताना दोनदा विचार करावा.

दोन फसवे खड्डे

आंद्रे रॉबर्ट या शास्त्रज्ञाने १९७९ साली दाखवले की, प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य आम्ल कमी न करताही उंदराच्या जठराचे तीव्र अल्कोहोलपासून रक्षण करते. त्यानंतर वनस्पतींच्या परीक्षेत अल्कोहोलची रीत फार लोकप्रिय झाली, कारण ती स्वस्त आणि झटपट आहे. पण त्याच रॉबर्ट यांनी १९८३ साली आणखी एक गोष्ट सांगितली. आधी सौम्य अल्कोहोल किंवा सौम्य आम्ल दिले, तरी जठर सावध होते आणि नंतरच्या तीव्र माऱ्यापासून बचावते. म्हणजे एखादा अर्क औषधी नसून नुसताच थोडासा झोंबणारा असला, तरी या परीक्षेत तो उत्तम गुण मिळवू शकतो. म्हणून केवळ अल्कोहोलच्या रीतीवर आधारलेला दावा कच्चा समजावा. तीन-चार रीतींत जो अर्क उतरतो त्यालाच काही वजन आहे.

दुसरा खड्डा प्रमाणाचा. उंदराला दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, असे निबंधात असते. उंदराचे प्रमाण माणसासाठी धरताना साधारणपणे ६.२ ने भागतात. म्हणजे माणसाला दर किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ते जवळजवळ ४ ग्रॅम अर्क झाले. दहा किलो मालातून एक किलो अर्क निघत असेल, तर हे झाले सुमारे ४० ग्रॅम चूर्ण, तेही रोज. आपण गिऱ्हाइकाला देतो अर्धा चमचा. तेव्हा निबंध आपल्या पुडीबद्दल काय सांगतो? काहीच नाही.

इब्ने सीनाची अट

काही मित्र म्हणतील की, या पाश्चात्य कसोट्या आमच्या हिकमतीला कशाला लावायच्या? आम्ही नम्रपणे आठवण करून देऊ की, या कसोट्यांची पायाभरणी आपल्याच बुजुर्गांनी केली आहे. इब्ने सीना १०३७ साली वारले. त्यांच्या 'अल्-कानून' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात औषधाची परीक्षा कशी करावी याच्या अटी दिलेल्या आहेत. औषध शुद्ध असावे, बाहेरचा कोणताही गुण त्यात मिसळलेला नसावा. परीक्षा गुंतागुंतीच्या नव्हे तर साध्या, एकट्या रोगावर करावी. गुण येण्यास किती वेळ लागतो ते पाहावे, म्हणजे योगायोग वेगळा काढता येईल. गुण वारंवार दिसावा, एकदाच दिसला तर तो अपघात समजावा. आणि शेवटची अट अशी की परीक्षा माणसावर व्हावी, कारण सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेला गुण माणसावर दिसेलच असे नाही.

हजार वर्षांपूर्वीची ही अट आजच्या उंदरांनाही लागू आहे. जे औषध माणसावर तपासले गेले नाही त्याला सिद्ध म्हणणे इब्ने सीनालाही मान्य झाले नसते.

तीन वस्तू, तीन धडे

आता आपल्या बरण्यांतील तीन वस्तू घेऊ.

ज्येष्ठमध. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ च्या सुमारास, हॉलंडमधील रेव्हर्स नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आले की, गावातील एका औषधविक्याचे ज्येष्ठमधाच्या शिऱ्याचे औषध पोटाच्या अल्सरला गुण देते. त्याने ते रुग्णांवर वापरून पाहिले. अनेकांना गुण आला, पण साधारण पाचातील एकाच्या तोंडावर आणि पायांवर सूज आली. यातूनच पुढे ब्रिटनमध्ये ज्येष्ठमधातील द्रव्यापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार झाले. १९६२ साली रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी त्याची रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली आणि जठराचा अल्सर भरून येण्यास त्याची मदत होते असे दाखवले. पण त्यातही सूज, वाढता रक्तदाब आणि रक्तातील पोटॅशियम घटणे हे दोष राहिलेच. १९७६ पासून सिमेटिडीनसारखी सुरक्षित औषधे आली आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडले.

धडा असा की, गुण आणि दोष एकाच मुळातून येतात. ज्येष्ठमधाची गोडी ग्लायसिरायझिक आम्लामुळे असते, आणि सूज व रक्तदाबही त्याच्यामुळेच. युरोपच्या अन्नविषयक शास्त्रीय समितीने २००३ साली रोज १०० मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा सांगितली. चांगल्या मुळात हे आम्ल शेकडा ४ धरले, तर अडीच ग्रॅम चूर्णातच १०० मिलिग्रॅम होते. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळणे वेगळे आणि अल्सरसाठी महिनोन्महिने चमच्याने खाणे वेगळे. रक्तदाबाच्या रुग्णाला ते तसे देऊच नये.

मस्तगी. जवारिश मस्तगी आपल्या हकिमांच्या घरची वस्तू. खरी रूमी मस्तगी ग्रीसच्या किऑस बेटावरील झाडाचा डिंक असते. १९८४ साली इराकमधील डॉक्टरांनी आतड्याच्या अल्सरच्या ३८ रुग्णांवर तिची परीक्षा केली. काहींना दोन आठवडे रोज एक ग्रॅम मस्तगी दिली, काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी भुकटी. कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. मस्तगी घेणाऱ्यांपैकी शेकडा ८० जणांना आराम वाटला आणि दुर्बिणीने पाहता शेकडा ७० जणांची जखम भरलेली होती. भुकटी घेणाऱ्यांचे आकडे त्याहून अधिक शिकवणारे आहेत. शेकडा ५० जणांना आराम वाटला, पण जखम फक्त शेकडा २२ जणांची भरली होती.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. काहीच औषध न घेता निम्म्या लोकांना बरे वाटले! "चाचा, तुमच्या पुडीने फार आराम पडला," असे सांगणारे गिऱ्हाईक खोटे बोलत नाही. पण त्याची जखम भरली, असा त्याचा अर्थ होत नाही. दुकानदाराचा अनुभव कितीही मोठा असो, दुर्बीण जे पाहते ते त्याला दिसत नाही.

१९९८ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कळवले की, मस्तगी काचेच्या भांड्यात अल्सरचा जंतू मारते. बातमी जगभर गेली. पण २००३ साली थोड्या रुग्णांवर करून पाहिले तेव्हा त्यांच्या पोटातील जंतू काही कमी झाले नाहीत. भांड्यात जे मरते ते पोटात मरेलच असे नाही.

कलौंजी. कलौंजीचा उल्लेख हदीसमध्ये आहे आणि तिच्यावर आपली श्रद्धा आहे. म्हणूनच तिच्या नावावर होणाऱ्या व्यापाराबाबत आपण अधिक सावध असले पाहिजे. २००८ साली रियाध येथील किंग सऊद विद्यापीठाच्या संशोधकांनी कलौंजीमुळे उंदरांच्या जठराचे रक्षण होते असे प्रसिद्ध केले. २०१० साली त्याच 'सौदी जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी'मध्ये माणसांवरील चाचणी आली. अपचनाचा त्रास असलेले आणि पोटात हेलिकोबॅक्टर जंतू सापडलेले ८८ रुग्ण घेतले. त्यांना अल्सरची जखम नव्हती. डॉक्टरी तिहेरी औषधांनी शेकडा ८२.६ रुग्णांतील जंतू गेले. ओमेप्राझोलबरोबर रोज १ ग्रॅम कलौंजी घेणाऱ्यांत शेकडा ४७.६, २ ग्रॅम घेणाऱ्यांत ६६.७ आणि ३ ग्रॅम घेणाऱ्यांत ४७.८.

यातून दोन गोष्टी निघतात. कलौंजीत काही गुण दिसतो आणि त्यावर पुढे काम व्हायला हवे. मात्र डॉक्टरी उपचार सोडून कलौंजी घ्या असे सांगणे या आकड्यांवरून चूक ठरते. शिवाय प्रमाण वाढवले म्हणून गुण वाढला नाही. "जास्त खाल्ले तर लवकर बरे" हा आपल्या बाजारातला समज येथे टिकत नाही.

कायदा काय म्हणतो?

आता हाजीसाहेबांच्या मुलाच्या पुडीकडे येऊ. १९५४ चा 'औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा' आहे. त्याच्या परिशिष्टात काही रोगांची यादी दिलेली आहे आणि त्या रोगांवर अमुक औषध उपाय करते अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. पोट व आतड्याचा अल्सर या यादीत आहे. जाहिरात म्हणजे केवळ वृत्तपत्रातली नव्हे. वेष्टन, लेबल, हस्तपत्रक हेही त्यात येते. शिवाय १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार युनानी किंवा आयुर्वेदिक औषध विक्रीसाठी तयार करण्यास परवाना लागतो. म्हणजे "अल्सरवर सिद्ध" हे शब्द छापणे शास्त्राला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही.

मग धंदा करायचा तरी काय?

आमचे उत्तर असे की, खरा धंदा मालाच्या शुद्धतेत आहे. जगात कोठेही जडीबुटीची चाचणी होवो, पहिला प्रश्न हाच विचारला जातो की वनस्पती खरी होती का. हे काम अत्ताराइतके चांगले कोणी जाणत नाही.

एक, ओळख. ज्येष्ठमधात गुंजेच्या वेलाची मुळे मिसळल्याचे प्रकार होतात. खरी मुलेठी आतून पिवळी, तंतुमय आणि स्पष्ट गोड असते. मस्तगीत सँडरॅकसारखी स्वस्त राळ घालतात. एक दाणा चघळून पाहावा. खरी मस्तगी दातांखाली मऊ होऊन चिकट गोळा बनते, सँडरॅकचा चुरा होतो. हे बापाने मुलाला शिकवलेले ज्ञान आहे, ते वहीत उतरवून ठेवावे.

दोन, नोंद. प्रत्येक गठ्ठा कोठून आला, केव्हा आला, कोणाकडून घेतला हे लिहून मूठभर नमुना बरणीत चिठ्ठी लावून ठेवावा. तक्रार आली तर हाच नमुना साक्षीदार.

तीन, तपासणी. युनानी आणि आयुर्वेदिक फार्माकोपिआत प्रत्येक मालाच्या कसोट्या दिल्या आहेत. जाळल्यावर राख किती उरते, पाण्यात व अल्कोहोलमध्ये किती अंश उतरतो, बाहेरचा कचरा किती चालतो, हे त्यांत सापडते. जड धातूंच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत : शिसे दहा लाख भागांत १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी ही धातूंची तपासणी २००६ पासून सक्तीची आहे. ज्याच्याकडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असा दाखला आहे, त्याला मोठ्या कारखान्यापुढे भावासाठी घासाघीस करावी लागत नाही. पुडीवर छापायचेच असेल तर मालाचे नाव, वजन, गठ्ठ्याचा क्रमांक आणि शुद्धतेचा दाखला छापावा. हे सर्व खरे आहे आणि सिद्ध करता येते.

चार, गिऱ्हाइकाला चार प्रश्न. पोटदुखीसाठी माल मागणाऱ्याला विचारावे : शौच डांबरासारखी काळी होते का? उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसले का? वजन उतरले आहे का, किंवा घास गिळताना अडकतो का? अंगदुखीच्या गोळ्या चालू आहेत का? पहिल्या तीनपैकी एकाचेही उत्तर 'होय' आले, तर माल देऊ नये, रुग्णालयात धाडावे, आणि काळी शौच किंवा रक्त असेल तर त्याच दिवशी. चौथ्याचे उत्तर 'होय' असेल तर गोळ्यांबद्दल डॉक्टरला विचारायला सांगावे. जंतूमुळे झालेला अल्सर दहा ते चौदा दिवसांच्या औषधांनी बहुधा कायमचा जातो. आपल्या पुडीने नुसती वेदना दबली आणि माणूस महिनाभर थांबला, तर आत जखम फुटू शकते किंवा कर्करोग असेल तर वेळ निघून जाते.

हाजीसाहेब आमचे बोलणे ऐकत होते. मग त्यांनी सांगितले की, काही वर्षांपूर्वी एक माग चालवणारा त्यांच्याकडून दर पंधरवड्याला मुलेठीचे चूर्ण नेत असे. आराम आहे म्हणायचा. कमरेसाठी गोळ्याही खात असे, पण हे त्याने कधी सांगितले नाही आणि हाजीसाहेबांनी कधी विचारले नाही. एके दिवशी त्याच्या भावाने येऊन सांगितले की, रक्ताची उलटी होऊन त्याला दवाखान्यात नेले आहे. तो वाचला, अल्हम्दुलिल्लाह. "पण बेटा," हाजीसाहेब मुलाला म्हणाले, "त्या दिवशी माझ्या गल्ल्यात त्याचे पैसे होते. मी त्याला एक प्रश्न विचारला असता, तर काय बिघडले असते?"

मुलगा काही बोलला नाही. त्याने शोधनिबंधाची घडी घातली आणि वहीत ठेवली. आता त्या दुकानात पुडी निघते, तिच्यावर वनस्पतीचे नाव आहे, वजन आहे, गठ्ठ्याचा क्रमांक आहे. अल्सर हा शब्द नाही. गल्ल्याजवळ मात्र एक पाटी लावली आहे आणि तिच्यावर वरचे चार प्रश्न मराठीत आणि उर्दूत लिहिले आहेत.

प्रामाणिक व्यापाऱ्याचा दर्जा आपल्या दीनमध्ये किती उंच आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. मापात कमी देणे जसे पाप, तसेच शब्दात जास्त देणेही. संशोधन होत राहो, आपल्या बुजुर्गांच्या दवांना त्यात यश येवो. तोपर्यंत जे सिद्ध झाले तेवढेच सांगावे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या हातून कोणाचे नुकसान न होवो. आमीन.